शुभवर्तमानाला दिलेले उत्तर



आजच्या विषयावर एखादे पाद्रीसाहेब किंवा धर्मशास्त्राचे प्राध्यापक बोलते तर अधिक शोभले असते. आम्ही पडलो कामगार चळवळीतले. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाने केले. आम्ही ख्रिस्तीही नाही. परंतु माणूस एखादी गोष्ट खरोखर मानतो म्हणजे काय करतो, हा प्रश्न आम्हांला रोज पडतो. तेवढ्याच अधिकारावर चार शब्द बोलणार आहोत.

युनियनमध्ये सभासद दोन प्रकारचे. एकाची वर्गणीची पावती असते, सभेत टाळ्याही तोच मोठ्याने वाजवतो; पण संपाच्या तिसऱ्या आठवड्यात, घरातले डबे रिकामे झाल्यावर, तो फाटकावर दिसेलच असे नाही. दुसरा फारसा बोलत नाही, पण फाटकावर असतो. नोंदवहीत मात्र दोघांची नावे एकाच शाईने लिहिलेली असतात.

ख्रिस्ती धर्मापुढेही हा पेच आरंभापासून आहे. शुभवर्तमान म्हणजे चांगली बातमी. देवाने येशूच्या ठायी माणसाला क्षमा करून जवळ केले, अशी ती बातमी. ही क्षमा मजुरी नव्हे, देणगी आहे. ती कमावता येत नाही. घामाचा दाम मागणाऱ्या आमच्यासारख्यांना हे प्रथम खटकते. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत कोण ठेवतो?

याला उत्तर लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कयाच्या गोष्टीत आहे. जक्कय यरीहोचा मुख्य जकातदार. वसुली करता करता स्वतःचे हात ओले करून घेतलेला, म्हणून लोकांच्या मनातून उतरलेला. बुटका असल्याने तो उंबराच्या झाडावर चढून येशूला पाहू लागला. येशूने त्याला खाली बोलावले आणि त्याच्याच घरी उतरायचे ठरवले. आधी हिशेब मागितला नाही, अट घातली नाही. तेव्हा जक्कय आपण होऊन बोलला : निम्मी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला नाडले त्याला चौपट परत करतो. यातला क्रम ध्यानात घ्या. पैसे टाकून त्याने पाहुणा मिळवला नाही. पाहुणा आला म्हणून तिजोरी उघडली. देणगी फुकटच, पण ती घेणारी मूठ पुन्हा पूर्वीसारखी आवळता येत नाही.

आपल्याकडचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नोंदवहीत नाव चढले. पण तेथल्या धर्मभगिनींनी शिकवलेले सिद्धांत पटल्यावाचून त्यांनी मान्य केले नाहीत. पत्रांतून निकराने वाद घातला. पुढे १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी स्वच्छ सांगितले की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला त्यानंतर काही वर्षे जावी लागली. असे कबूल करायला छाती लागते. मान डोलावणे म्हणजे श्रद्धा नव्हे. खरी श्रद्धा प्रश्न विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलत नाही.

या श्रद्धेची किंमतही पडली. पुण्याच्या शारदासदनात मुलींना बाटवले जाते असा बोभाटा १८९३ साली झाला. रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. तरी आपली प्रार्थना दार लावून करायला बाई तयार झाल्या नाहीत. आणि १८९७ साली मध्य प्रांतातल्या दुष्काळातून निराधार मुली त्यांनी केडगावला आणल्या, त्या शेकड्यांनी.

येथे आपल्यापैकी कोणी म्हणेल, हा पोटासाठी धर्म झाला. शंका रास्त आहे, ती झटकू नये. भुकेल्याने भाकरी घेतली यात खोटे काही नाही. भूक खरीच असते. पण भाकरीच्या बदल्यात श्रद्धा मागणे ही वेठ होय, मग ती कोणत्याही धर्माने मागो. वेठीने नाव मिळते, माणूस मिळत नाही. धाकाने आणलेल्या सभासदाचा अनुभव असलेल्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको.

केडगावला आणखी एक काम झाले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून रमाबाईंनी सबंध बायबल साध्या मराठीत आणायला घेतले. संस्थेतल्याच स्त्रिया खिळे जुळवीत, त्याच छापीत. १९२२ साली मृत्यू येईपर्यंत बाई त्या कामात होत्या. विदुषीची संस्कृतप्रचुर भाषा त्यांना सहज साधली असती. पण बातमी सर्वांसाठी असेल तर ती चुलीपाशी बसलेल्या बाईलाही कळली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. श्रद्धेचा याहून चोख पुरावा आम्हांला ठाऊक नाही.

मंडळी, आपण कोणत्याही देवाचे असा, किंवा कोणत्याच नसा. जे मानतो असे आपण म्हणतो, त्यापायी आपली कोणती मूठ उघडली, कोणाचे नाडलेले परत गेले, एवढे आज घरी जाताना ज्याने त्याने स्वतःला विचारावे. उत्तर आम्हांला देऊ नये. ज्याचे देणे असेल त्याला द्यावे.