हृदयविकाराचा झटका : डॉक्टरांचा अंदाज कशावरून?



रोगी दाखल होताच आप्तजन विचारतात, "वाचेल ना?" न्यूयॉर्कच्या डॉ. किलिप व डॉ. किंबॉल यांनी १९६७ साली २५० रुग्णांवरून याचे गणित मांडले. फुप्फुसे स्वच्छ असलेल्यांत शेकडा ६ दगावले. तळाशी करकर ऐकू येणाऱ्यांत १७. फुप्फुसांत पाणी भरलेल्यांत ३८. रक्तदाब कोसळून अंग गार पडलेल्यांत ८१. नव्या उपचारांनी हे आकडे पुष्कळ उतरले. क्रम मात्र पालटला नाही. ही पारख स्टेथॉस्कोप व रक्तदाबयंत्र यांवर होते, म्हणजे आपल्या चामोर्शीच्या ग्रामीण रुग्णालयातही होऊ शकते. परंतु छातीतील कळ 'गॅसची' म्हणून रात्र काढणारा गृहस्थ पहिल्या वर्गातून तिसऱ्यात जाऊ शकतो. म्हणून तत्काळ निघावे, आणि कळ नेमकी किती वाजता उठली ते डॉक्टरांस सांगावे.