सुमेरमधील कर्ज आणि सुटका



सुमेर म्हणजे आजच्या इराकचा दक्षिण भाग. तेथील उरुक नगरात इ.स.पू. ३३०० च्या सुमारास लेखन सुरू झाले, ते काव्यासाठी नव्हे, तर धान्य आणि मेंढ्यांच्या हिशेबासाठी. आम्हा बँकेतल्या कारकुनांना याचे नवल वाटत नाही! पुढे जवाच्या कर्जावर एक तृतीयांश व्याज चढू लागले. ते फिटले नाही की घरातली माणसे सावकाराकडे राबायला जात. लगाशचा राजा एन्मेतेना याने इ.स.पू. २४०० च्या सुमारास अशी कर्जे रद्द केली; आईला मूल आणि मुलाला आई परत मिळवून दिल्याचे त्याने लेखात नोंदवले. या सुटकेचा सुमेरी शब्द ‘अमार्गी’, म्हणजे शब्दशः आईकडे परतणे. स्वातंत्र्याला इतका घरगुती शब्द आम्हाला दुसरा आठवत नाही. अर्ध्या शतकानंतर त्याच लगाशमध्ये उरुकागिना राजाला कर्जात अडकलेल्यांना पुन्हा सोडवावे लागले.