रात्रीच्या आभाळासाठी बारा व्होल्ट
(स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत)



मनोगतात आठवणी सांगायच्या असतात. त्या सकाळपासून पुष्कळ सांगून झाल्या आणि माझ्यापेक्षा चांगल्या सांगून झाल्या. म्हणून मला मिळालेली दहा मिनिटं मी एका हिशोबाला देते. आपल्या बॅचनं शाळेला दुर्बीण द्यायची, असं ग्रुपवर जवळजवळ ठरलंय. पैसेही जमतील. पण ती दुर्बीण रात्री माळावर चालणार कशावर, हे अजून कुणी विचारलं नाही. ते मी विचारते.

आधी थोडं आभाळाबद्दल. मी पुण्यात राहते, सॉफ्टवेअरचं काम करते आणि सुट्टीत आकाश बघायला जाते. नीट अंधार हवा तर आम्हाला गाडीनं दोन तास शहराबाहेर जावं लागतं. पुसेगावात मात्र शेवटचा खांब ओलांडून शेताच्या बांधावर उभं राहिलं की अमावास्येला आकाशगंगा दिसते. आपले आजी-आजोबा घड्याळाशिवाय जागल करायचे. खाटलं कुठं आलं, तिकांडं किती वर चढलं, यावरून रात्र किती उरली ते सांगायचे. ही आपली जुनी वेधशाळाच होती.

आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया उभी राहते आहे. एकमेकींशी काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि २०२३ मध्ये केंद्रानं मंजूर केलेले सुमारे २,६०० कोटी रुपये. ती गुरुत्वीय लहरी टिपणार, म्हणजे तिथं डोळा लावून बघण्यासारखं काही नसेल. पण उद्या आपल्या शाळेतलं पोरगं त्या रस्त्यानं जाताना “हे काय आहे?” असं विचारील, तेव्हा त्यानं निदान शनीची कडी तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असावीत, एवढीच माझी इच्छा.

आपण दहावीत असताना, २४ ऑक्टोबर १९९५ ला, ऐन दिवाळीत सूर्यग्रहण झालं. राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या पट्ट्यात ते खग्रास होतं, आपल्याकडं खंडग्रास. तेव्हा आपण परभणी जिल्ह्यात होतो, हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला. किती घरांची दारं त्या सकाळी बंद होती, ते तुम्हालाही आठवत असेल. कुतूहल आपल्यात कमी नव्हतं. बघायला साधन नव्हतं आणि दाखवणारं कुणी नव्हतं.

आता हिशोबाकडं येते. काहीजण म्हणतील, हातानं फिरवायची साधी दुर्बीण घ्या, तिला वीज लागतच नाही. खरं आहे, आणि एकट्यानं बघायला तीच उत्तम. पण पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. शंभर पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून साधारण अर्धा अंश आभाळ दिसतं. म्हणजे मधोमध धरलेला गुरू एका मिनिटात काठावर जातो आणि दिसेनासा होतो. चाळीस मुलांची रांग, प्रत्येकाला अर्धा मिनिट, म्हणजे वीस मिनिटं. तेवढ्यात सरांना वीस वेळा दुर्बीण सरकवावी लागेल, आणि पायरीवर चढलेल्या पाचवीतल्या पोरीच्या वाट्याला नेमकं रिकामं आभाळ येईल. मागोवा घेणारी मोटर असली की गुरू जागेवर थांबतो. वीज लागते ती यासाठी.

ही मोटर बारा व्होल्टवर चालते. मागोवा घेताना ती एक अँपिअरच्या आत-बाहेर ओढते, एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जोरात फिरताना दोनपर्यंत. हिवाळ्यात रात्री दव पडतं आणि भिंग पांढरं होतं, म्हणून भिंगाभोवती गरम होणारी पट्टी बांधतात. तिला आणखी एक अँपिअर. सरासरी दोन धरा. सहा तासांचे बारा अँपिअर-तास, म्हणजे बारा गुणिले बारा, १४४ वॉट-तास. आठवीत आपण विजेच्या बिलाची उदाहरणं सोडवली, तेच गणित. एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास. आपली अख्खी रात्र एका युनिटच्या सातव्या हिश्श्यात बसते.

गावात बारा व्होल्टची कमतरता नाही. फवारणीच्या पंपात बॅटरी आहे, रानडुकरं आणि रोही हाकायच्या झटका मशीनला बॅटरी आहे, ट्रॅक्टरला आहे, इन्व्हर्टरला आहे. मग त्यातलीच एक का नको? फवारणी पंपाची बॅटरी बहुधा बारा व्होल्ट, आठ अँपिअर-तासांची असते, म्हणजे ९६ वॉट-तास. शिशाची बॅटरी टिकवायची तर निम्म्याच्या खाली उतरवू नये. उरले ४८. रात्रीचा तिसरा हिस्सा. एखाद्या संध्याकाळी चंद्र दाखवायला चालेल. ट्रॅक्टरची बॅटरी स्टार्टरला क्षणभर जोराचा दणका देण्यासाठी बनवलेली असते. तिला रात्रभर हळूहळू पिळलं तर ती लवकर मरते, आणि सकाळी ट्रॅक्टर ढकलावा लागतो तो वेगळाच. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी चालेल, पण ती उचलायला दोन माणसं लागतात. आणि बारा व्होल्टचे आधी २३० करायचे, मग अडॅप्टरनं पुन्हा बारा, या उलट्या-सुलट्या फेऱ्यात पाचवा हिस्सा तरी उष्णतेत जातो.

म्हणून माझा सल्ला लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा. १२.८ व्होल्ट, वीस अँपिअर-तास, म्हणजे २५६ वॉट-तास. त्यातले ऐंशी टक्के वापरले तरी दोनशेच्या वर मिळतात. रात्र निघून जाते आणि थोडं शिल्लक राहतं. तेवढ्याच कामाची शिशाची बॅटरी आठ-नऊ किलोंची होईल, ही साधारण अडीच-तीन किलोंची. सातवीतली मुलगी एका हातानं नेईल. किंमत जास्त आहे, पण ती हजारो वेळा चार्ज होते, शिशाची काहीशे वेळा.

आता वायर. डीपीपासून लांबच्या विहिरीवरची मोटर का गुरगुरते, ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. इथंही तेच. पाच मीटर लांब, पाऊण चौरस मिलिमीटरची बारीक वायर घेतली तर जाऊन-येऊन दहा मीटर होते, आणि तीन अँपिअर ओढले की ०.७ व्होल्ट वाटेतच जातात. दुर्बिणीचा छोटा संगणक कमी व्होल्टेजला बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि आधी ओळखलेले तारे विसरतो. म्हणून वायर आखूड आणि अडीच चौरस मिलिमीटरची. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाशेजारीच पाच अँपिअरचा फ्यूज, कारण अंधारात वायरवर पाय पडणारच. प्लग असा, की उलटा बसणारच नाही.

चार्जिंगचं म्हणाल तर लाइट कधी येईल याची वाट बघायला नको. चाळीस वॉटचं सौर पॅनेल शाळेच्या छपरावर टाकलं तर चांगल्या उन्हात दिवसाला दीडशेच्या आसपास वॉट-तास देतं. एका दिवसाच्या उन्हावर एक रात्र. फक्त चार्जर लिथियमचाच हवा, शिशाच्या बॅटरीचा चालणार नाही.

आणि आता ज्यासाठी मी उभी राहिले, ते. शाळांना भेट दिलेल्या वस्तू कपाटात का मरतात? बहुतेक वेळा बॅटरीनं मरतात. उद्घाटनाचा फोटो निघतो, पेटी कुलपात जाते, आणि दोन उन्हाळ्यांनी उघडली की काहीच लागत नाही. वस्तू खराब नसते, तिच्याकडं बघणारं कुणी नसतं. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात ठेवलेली पूर्ण भरलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. ती निम्मी भरून, थंड जागी, फरशीजवळ ठेवायची आणि दर दोन महिन्यांनी मोजायची. काम पाच मिनिटांचं आहे, पण ते कुणाचं तरी असावं लागतं.

माझी विनंती आहे की ते काम नववीतल्या दोन मुलींकडं द्यावं. वही त्यांची, मल्टिमीटर त्यांचा, पेटीची किल्ली त्यांच्याकडं. आमच्या वेळी दिवेलागणीनंतर मुलींनी घरात असायचं, हा घराघरातला रिवाज होता. त्यामागं काळजीच होती. पण त्यामुळं रात्रीचं आभाळ आमच्या वाट्याला अंगणाएवढंच आलं. कार्यक्रमाला आई-वडिलांनाही बोलवा, आजीला तर आवर्जून बोलवा. खाटलं आणि तिकांडं तिच्याकडून ऐका, दुर्बीण मुलींना चालवू द्या.

शेवटचं ग्रामपंचायतीतल्या आपल्या मित्रांसाठी. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या राज्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे जमिनीकडं तोंड करून बसवले गेले. उजेड रस्त्यावरच पडला आणि आभाळ अंधारं राहिलं. आपल्याकडं पुढचे खांब उभे करताना दिव्यांची तोंडं खाली ठेवली तर जास्तीचा खर्च फारसा नाही. एकदा उजळलेलं आभाळ पुन्हा अंधारं करणं मात्र फार अवघड असतं.

तर वर्गणीच्या यादीत दुर्बिणीखाली आणखी एक ओळ लिहा: बॅटरी, पॅनेल, चार्जर, वायर, फ्यूज, मल्टिमीटर. ही ओळ माझ्या नावावर टाका. आणि दर दोन महिन्यांनी त्या वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर येऊ द्या. तो आला नाही, तर विचारायला फोन मी करीन.