पॉवर स्टिअरिंग घूं-घूं करतंय? पंप बदलण्याआधी हे बघा

आजचा भाग पिकअप चालवणाऱ्यांसाठी. कांदा भरा, दूध भरा नाहीतर सिमेंट भरा, दुखणं एकच. गाडी वळवताना बॉनेटखालून ‘घूंऽऽऽ’ असा आवाज येतो. स्टिअरिंग जेवढं फिरवाल तेवढा तो वाढतो. गॅरेजमध्ये गेलं की पहिलं वाक्य ऐकू येतं, “पंप गेला, बदलावा लागेल.”

कधी कधी पंप खरंच गेलेला असतो. पण पुष्कळदा दोष असतो तेलाचा, नाहीतर एका साध्या होजचा. तो तसाच ठेवून नवा पंप बसवला, तर नवा पंपही तसाच ओरडतो. पैसे गेले, भाडं बुडालं, आवाज जागच्या जागी. म्हणून आज शोधायचा क्रम सांगतो. हे सगळं हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगबद्दल आहे बरं का. मोटरवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगला हे लागू नाही.

आधी पंप करतो काय ते बघू. इंजिनच्या पट्ट्यावर हा पंप फिरतो. आत एक रोटर असतो, त्याच्या खाचांमध्ये छोट्या पात्या सरकतात. त्या डबीतलं तेल ओढून घेतात आणि दाबानं स्टिअरिंगकडे ढकलतात. आता ओढताना तेल कमी पडलं किंवा तेलात हवा शिरली, की बुडबुडे तयार होतात. ते दाबाखाली फुटतात आणि पंप ओरडतो. म्हणजे ओरडतो पंप, पण उपाशी ठेवणारा दुसराच कुणीतरी असतो.

पहिलं काम, आवाज ओळखा. गाडी उभी, इंजिन चालू, स्टिअरिंग सावकाश फिरवा. फिरवल्यावर घूं वाढला तर तेल, हवा किंवा पंप. ‘चीं’ असा कर्कश आवाज आला तर आधी पट्टा बघा, सैल झालाय, घासून चकचकीत झालाय की त्यावर तेल पडलंय. स्टिअरिंगला हात न लावता फक्त रेसबरोबर घरघर वाढत असेल, तर अल्टरनेटर किंवा टेन्शनरचं बेअरिंगही असू शकतं. इंजिन बंद करून, पट्टा काढून, एकेक पुली हातानं फिरवून बघा. खरखर कुठं लागते ते बोटांना कळतं. आणि स्टिअरिंग अगदी टोकाला नेऊन दाबून धरलं की येणारा सूं आवाज, तो बिघाड नाही. तिथं दाबाचा व्हॉल्व्ह उघडतो. फक्त ५ सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, तेल तापतं.

दुसरं, डबी उघडा. लेव्हल खुणेपर्यंत आहे का? कमी असेल तर तेल कुठंतरी गेलंय, ती गळती शोधा. फेस आलाय, तेल दुधाळ दिसतंय? हवा शिरतेय. काळं, जळका वास? बदलायला झालंय. बारीक चमचमणारा चुरा दिसला तर मात्र आत धातू झिजतोय. तेल कुठलं घालायचं ते डबीच्या झाकणावर किंवा पुस्तकात लिहिलेलं असतं, तेच घाला. ब्रेक ऑइल चुकूनही नको, आतले रबरी सील फुगून खराब होतात.

तिसरं, आणि हेच जास्त लोकांचं निसटतं. डबीकडून पंपाकडे येणारा जाड होज. हा ओढणारा होज आहे, त्यामुळे इथं चीर पडली किंवा क्लिप सैल झाली तर इंजिन चालू असताना तेल बाहेर टपकेलच असं नाही, उलट हवा आत जाते. खाली डाग नाही म्हणून आपण समजतो सगळं ठीक आहे. होज दाबून बघा, कडक झालाय का, टोकाला तडे आहेत का. क्लिप बदला. काही डब्यांच्या तळाशी जाळी असते, ती गाळानं भरली तरी पंप उपाशीच राहतो.

दुसरी, दाबाची नळी मात्र इंजिन चालू असताना हातानं चाचपू नका. बारीक छिद्रातून उडणारं तेल कातडीत घुसतं. पुठ्ठा धरून बघा.

दोष सापडला, तो काढला, आता हवा बाहेर काढायची. मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढची चाकं उचला, गाडी नुसत्या जॅकवर नको, खाली स्टँड द्या. इंजिन बंदच ठेवा, चावी फक्त स्टिअरिंग मोकळं होईल इतकी फिरवा. आता या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश, १५ ते २० वेळा. मधे मधे डबीत तेल घालत राहा, तळ दिसू देऊ नका. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून आणखी काही वेळा फिरवा. फेस आला तर बंद करा, अर्धा तास बसू द्या, परत करा. घाई केली की तीच हवा तेलात घुसळली जाते.

एवढं करूनही आवाज तसाच, किंवा तेलात धातूचा चुरा, किंवा पंपाच्या शाफ्टमधून गळती, तर पंपाचं काम काढा. पुली पुलरनं काढायला सांगा, हातोड्यानं नको. आणि जुनं तेल पूर्ण काढून, डबी नि नळ्या धुऊनच नवा पंप बसवा, नाहीतर तोच चुरा नव्या पंपात जातो.

शेवटचं. चालता चालता स्टिअरिंग एकदम जड झालं आणि बॅटरीचा दिवा लागला, तर बहुधा पट्टा तुटलाय. घाबरू नका, स्टिअरिंग चाकांना जोडलेलंच असतं, फक्त जोर जास्त लागतो. दोन्ही हातांनी धरा, वेग कमी करा, कडेला घ्या. भरलेली गाडी घेऊन त्या अवस्थेत घाट उतरायचा विचारही करू नका. आणि घूं-घूं सुरू झालं की त्याच दिवशी डबीचं झाकण उघडा. तेल बघायला २ मिनिटं लागतात.

तुमच्या गाडीचा आवाज यात बसत नसेल तर कधी येतो, थंड इंजिनवर की गरम, वळताना की सरळ, एवढं लिहून पाठवा. भेटू पुढच्या भागात.