दोनशे तास झाले, पुढे काय?
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवकाकांनी विषय दिला, ‘परदेशात पायलटची नोकरी कशी मिळते?’ आपल्याकडची काही मुलं-मुली पायलट व्हायचं म्हणतायत, म्हणून कौतुकाच्या गोष्टी बाजूला ठेवते आणि कामाचं बोलते.

आपल्याकडे व्यावसायिक परवाना, म्हणजे सीपीएल, २०० तासांच्या उड्डाणावर मिळतो. घरच्यांना वाटतं, झालं, पोरगी पायलट झाली! विमान कंपनीच्या लेखी मात्र ती अजून ‘कमी तासांची’ उमेदवार असते. इथली नोकरी लांबली की कुणीतरी सांगतं, ‘परदेशात बघ, तिकडे पायलट मिळत नाहीत.’ खरं आहे, पण ते बहुधा अनुभवी पायलटांबद्दल असतं.

अमेरिकेचंच घ्या. २००९ मध्ये बफेलोजवळ एक प्रवासी विमान पडलं, ५० माणसं गेली. त्यानंतर कायदा बदलला आणि २०१३ पासून तिथल्या प्रवासी विमान कंपनीत सहवैमानिकालाही साधारण १५०० तास लागतात. विमानशास्त्राची ठरावीक पदवी असेल तर १०००. गंमत म्हणजे त्या अपघातातल्या दोघाही वैमानिकांचे १५०० पेक्षा जास्तच तास होते! पण नियम तो नियम. तिकडे शिकलेली मुलं मग बहुतेक वेळा इन्स्ट्रक्टर होऊन तास जमवतात. आपल्या मुलांना तेही सहज जमत नाही, कारण विद्यार्थी व्हिसावर कायमची नोकरी करता येत नाही.

युरोपात २०० तासांचा मुलगाही थेट जेटमध्ये सहवैमानिक होऊ शकतो. पण परवाना युरोपचाच हवा. आपला सीपीएल असला तरी तिथल्या तेरा विषयांच्या लेखी परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. शिवाय जाहिरातीत खाली एक ओळ असते : युरोपात राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क हवा. आपले अर्ज बऱ्याचदा त्या ओळीवरच अडतात.

मग कमी तासांवर परदेशात नोकरी मिळतच नाही का? मिळते. मला बोट्स्वानातल्या माउन गावात मिळाली. ओकावांगोच्या पाणथळ प्रदेशातल्या सफारी कॅम्पांवर पर्यटक, भाजीपाला, गॅसच्या टाक्या, सगळं छोट्या विमानांनी जातं. सेसना २०६ सारखी एका इंजिनाची विमानं आणि मातीच्या धावपट्ट्या. उतरण्याआधी कधी कधी वरून एक फेरी मारून पट्टीवरचे हत्ती हुसकावे लागतात. सामान आपणच चढवायचं, पाहुण्यांशी गोड बोलायचं, विमान पुसायचंही आपणच. नुसता ईमेल पाठवून तिथे सहसा काही होत नाही. हंगामाआधी स्वतः जाऊन दारं ठोठवावी लागतात, आणि जाताना परतीचं तिकीट व काही महिन्यांचा खर्च गाठीला हवा. निवड झाली तरी वर्क परमिट आणि परवान्याला तिथली मान्यता मिळेपर्यंत थांबावं लागतं. पण तिथे जे तास मिळतात ते कॅप्टन म्हणून मिळतात. रोज आठ-दहा वेळा उतरलं की हात बसतो.

आता पैशाचं. या शिक्षणासाठी घर तारण ठेवायचं, तर बँक सोसायटीचं ना-हरकत पत्र मागते, म्हणून ही गोष्ट आपल्या सगळ्यांच्या दारातली आहे. पहिला हप्ता भरण्याआधी मुलाची क्लास वन वैद्यकीय तपासणी करून घ्या. एअरबस किंवा बोइंग उडवायला टाइप रेटिंग लागतं, म्हणजे त्या एकाच जातीच्या विमानाचं वेगळं शिक्षण. त्याला आणखी लाखो रुपये पडतात. ‘आमच्याकडे रेटिंग करा, परदेशात नोकरी नक्की,’ असं एजंट म्हणाला तर तीन प्रश्न विचारा. कुठल्या देशाचा परवाना चालेल? तिथे काम करण्याची परवानगी कोण काढून देणार? आणि नोकरीचं पत्र विमान कंपनी स्वतः देणार का? उत्तरं कागदावर मिळाली नाहीत, तर घराचे कागद कपाटातून काढूच नका.

नोकरी लागेपर्यंत एक-दोन वर्षंही जातात. त्या काळात इन्स्ट्रुमेंट रेटिंग चालू ठेवावं लागतं, नाहीतर मुलाखतीचं बोलावणं आलं तरी उपयोग नाही. इन्स्ट्रक्टरचं काम मिळालं तर ते कमीपणाचं मानू नका. शिकवताना आपलंही शिक्षण पक्कं होतं, आणि तासही वाढतात.

शेवटी सगळ्यांना एक विनंती. अशी मुलगी किंवा मुलगा लिफ्टमध्ये भेटला तर ‘काय गं, लागली का नोकरी?’ एवढंच विचारू नका. ‘या महिन्यात उड्डाण झालं का?’ असं विचारा. वाट बघणाऱ्याला त्याने बरं वाटतं.

सोसायटीच्या पुढच्या पंचवीस वर्षांना मनापासून शुभेच्छा. आणि मुलांनो, काही विचारायचं असेल तर आज जेवणाच्या रांगेत मला गाठा.