रात्रीस खेळ चाले : दुसरं पर्व पुन्हा बघताना
(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आम्ही चिपळूण तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका बोलतोय. मागच्या खेपेला आम्ही आंबापोळी आणि कोकम वाळवण्याबद्दल बोललो होतो. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, ह्यांना कामं नाहीत वाटतं. आज आम्ही एका भुताच्या मालिकेबद्दल बोलणार आहोत, ‘रात्रीस खेळ चाले’, आणि त्यातही तिच्या दुसऱ्या पर्वाबद्दल.

सुरुवात शिमग्यात झाली. आमच्या वाडीत पालखी नाचवून झाली, मग पोरांनी सोंगं काढली. एकजण अण्णा नाईक झाला, डोळे वटारून फिरत होता. दुसरा एक बापया साडी नेसून, गजरा माळून शेवंता झाला. तिसरा पांडू झाला आणि दर दोन मिनिटांनी “इसरलंय” म्हणू लागला. आम्ही पोट धरून हसलो, खोटं कशाला बोला. आमच्या गटातल्या एक काकी मात्र हसल्या नाहीत. घरी परतताना त्या म्हणाल्या, “सगळी सोंगं झाली, माई कोण झाला गो?” कोणीच झालं नव्हतं.

तेव्हा ठरलं की पुन्हा बघायची. दर बुधवारी हप्ते गोळा झाले की एका वहिनींच्या ओटीवर बसायचं. त्यांच्या मुलाने मोबाईल टीव्हीला जोडून दिला, झी फाइव्हवर जुने भाग आहेत. सगळे भाग पाहिले असं आम्ही सांगणार नाही, शेकडो आहेत ते. काही सोडले, काही दोनदा पाहिले. चैत्रात सुरू केलं, मध्ये आंबा-काजूच्या धावपळीत तीन बुधवार बुडाले, आणि वीज जायला लागली तेव्हा थांबलो.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिलं पर्व झी मराठीवर फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झालं. त्यात अण्णा नाईक मरतात आणि सगळं कुटुंब वाड्यात जमतं, तिथून पुढे गोष्ट आहे. दुसरं पर्व १४ जानेवारी २०१९ ला सुरू झालं, आणि ते मागे जातं. अण्णा जिवंत असताना त्या वाड्यात काय चाललं होतं, ते त्यात दाखवलंय. रात्री साडेदहाला लागायचं. मध्ये लॉकडाऊनमध्ये चित्रीकरण थांबलं, मग पुन्हा सुरू होऊन ऑगस्ट २०२० मध्ये संपलं. चित्रीकरण कुडाळ तालुक्यातल्या आकेरीचं. बोली मालवणी. आमची चिपळूणकडची बोली वेगळी, तरी दोन-चार भागांत कान सरावतो. याआधी मालवणी म्हटली की ‘वस्त्रहरण’ नाटक आठवायचं, मच्छिंद्र कांबळी आठवायचे, हसणं आठवायचं. त्याच बोलीत रोज रात्री कोणीतरी घाबरवतंय, हे आम्हाला नवीन होतं आणि आवडलंही होतं. पहिल्या पर्वाच्या वेळी कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, अशी बरीच ओरड झाली होती. त्याबद्दल पुढे बोलूच.

आता मुख्य गोष्ट. अण्णांचं काम माधव अभ्यंकरांनी केलंय आणि ते जबरदस्त केलंय, याबद्दल आमच्यात दुमत नाही. जमीन आहे, पैसा आहे, गावात वजन आहे, आणि दिसेल त्या बाईवर नजर आहे. आड येईल त्याचा जीव घ्यायलाही हा माणूस कचरत नाही. असा घरधनी वाड्यात असताना भुताची गरज काय? आम्ही पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमचं लक्ष अमावस्येकडे, झाडाकडे, मागच्या दाराकडे होतं. ह्या वेळी आम्ही बघितलं ते स्वयंपाकघर. अण्णांची चाहूल लागली की पोरं गप्प होतात. माई ताट वाढते, आणि वाढताना तोंड बघून अंदाज घेते की आज काय रंग आहे. आमच्यातल्या दोघी-तिघींना हे बघवेना. एक वहिनी उठून पाणी प्यायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. भुताच्या प्रसंगाला कधी कोणी उठलं नव्हतं.

माईंचं काम शकुंतला नरे यांनी केलंय. त्यांना फार संवाद नाहीत, आहेत ते बहुतेक रडण्याचे. पण ती बाई घरात वावरते कशी, हे बघा. आपल्याच घरात पाहुण्यासारखी. सगळं माहीत आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना माहीत आहे, गड्यांना माहीत आहे. कोणी बोलत नाही, कारण ज्याच्या शेतात राबायचं त्याच्याशी वैर कोण घेणार? एकटी वच्छी तेवढी उघड शिव्याशाप देत फिरते, आणि तिला सगळे वेडी समजतात. हे मात्र लिहिणाऱ्यांनी अचूक पकडलंय. पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर हेच मालिकेचं लेखनही करायचे. गावाची चुप्पी त्यांना चांगली ठाऊक आहे.

मग शेवंता. अपूर्वा नेमळेकरने ही बाई अशी उभी केली की गावोगाव तिचं नाव झालं. आमच्यात सगळ्यात मोठं भांडण तिच्यावरून झालं. एक गट म्हणाला, दुसऱ्याचा संसार मोडणारी बाई, तिचं कौतुक कशाला? दुसरा म्हणाला, तिला दोष देणं सोपं आहे, अण्णांना कोणी का बोलत नाही? तिचा नवरा पाटणकर साधा, भोळा. तिला चांगलं जगायचंय, आणि पुढे पुढे तर तिला एकच पाहिजे असतं, वाड्यात मानाने यायचं. ते तिला कधी मिळत नाही. माईंकडे मंगळसूत्र आहे आणि मान नाही, शेवंताकडे दोन्ही नाही. अण्णांकडे दोघी आहेत, शिवाय इतर आहेतच. भांडण तीन बुधवार चाललं. मिटलं असं नाही, पण बोलून बोलून सगळ्याच दमल्या.

मध्येच एक गंमत सांगतो. वहिनींची नात बारावीला आहे, ती मोबाईलवर जपानी कार्टून बघते. एक मुलगा, आणि त्याच्या भोवती पाच-सहा मुली, त्यातली कोणी भूत, कोणी राक्षसीण. सगळ्या त्याच्याच मागे. ह्या प्रकाराला तिकडे हॅरेम म्हणतात, म्हणजे आपला जनानखाना, असं तिने समजावून सांगितलं. त्याचंही म्हणे दुसरं पर्व निघालं होतं. आम्ही दोन भाग बघितले. तो मुलगा अगदी बावळट, कुणाला दुखवत नाही, आणि तरी सगळ्या त्याच्यावर जीव टाकतात. काकी म्हणाल्या, “अण्णांसारखंच आहे हे. फक्त ह्यात कोणाला भांडी घासायला लागत नाहीत.” नात रागावली, पण तिलाही हसू आलं.

अंधश्रद्धेचं म्हणाल तर आमचं मत असं आहे. कोकणात भुताच्या गोष्टी कोणी टीव्हीवरून शिकलेलं नाही. मुंज्या, हडळ, अळवंत, बायंगी, ही नावं आम्ही आजीच्या मांडीवर ऐकली. गोष्ट म्हणून ऐकायला आमची हरकत नाही. पण एक गोष्ट ह्या वेळी लक्षात आली. अळवंत कोण? बाळंतपणात गेलेली बाई. म्हणजे वेळेवर सुईण नाही, गाडी नाही, दवाखाना लांब, म्हणून मेली, आणि मेल्यावर तिलाच सगळे घाबरतात. आमच्या लहानपणी एका वाडीत एक विहीर होती, तिन्हीसांजेला तिकडे जायचं नाही असं सांगत. कुणीतरी सून तिच्यात गेली होती. ती का गेली, घरात तिच्याशी कोण कसं वागत होतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. विहीर वाईट, एवढंच ठरलं. मालिका इथेच कच्ची पडते असं आम्हाला वाटतं. माणसाने केलेलं पाप ती आधी नीट दाखवते, आणि मग काळी बाहुली, लिंबू, करणी असलं काहीतरी काढून आपलं लक्ष तिकडे वळवते. जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१३ मध्ये झाला, तो व्हावा म्हणून नरेंद्र दाभोलकरांनी जन्म घालवला. भोंदू बाबाने बाईला मारझोड केली, लुबाडलं, तर आज पोलिसात जाता येतं. पण अण्णासारख्या घरधन्याने मारलं तर भगताकडे जाऊन काय होणार? त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, आणि त्यात नुसती मारहाण धरलेली नाही. खर्चाला पैसे न देणं, घराबाहेर काढणं, हेही धरलंय.

आता काकींचं सांगतो. नाव सांगत नाही, बाकी सांगायला त्यांनीच सांगितलंय. काकींचे यजमान मुंबईला गिरणीत होते. आमच्याकडे तेव्हा घराघरातली हीच तऱ्हा, बापया मुंबईला आणि बाई इथे शेत, गुरं, सासू-सासरे सांभाळायला. महिन्याला मनीऑर्डर यायची, मग दोन महिन्यांनी यायला लागली. तिकडे दुसरं बिऱ्हाड झालं होतं. वाडीला कळलं, सगळ्यात शेवटी काकींना कळलं. गणपतीला ते यायचे तेव्हा काकी ताट वाढायच्या आणि काही विचारायच्या नाहीत. यजमान वारले आणि बाराव्याला ती बाई मुलाला घेऊन दारात उभी राहिली. काकींनी दोघांना जेवायला वाढलं. का वाढलंत, असं आम्ही विचारलं तर म्हणाल्या, “पोर भुकेलं होतं, लांबून आलं होतं.”

खरी पंचाईत पुढे झाली. सातबाऱ्यावर दीर, चुलत दीर, मेलेले, जिवंत, पंचवीस-तीस नावं, आपल्या कोकणात असतात तशी. तीस वर्षं लावणी करणाऱ्या काकींचं नाव कुठेच नाही. वारस म्हणून नाव लावायला त्यांनी दोन वर्षं चपला झिजवल्या. एका ठिकाणी तर त्यांना विचारलं, “तुम्हीच त्यांच्या बायको कशावरून?” हे सांगताना काकी अजून थरथरतात.

म्हणून कायदा नीट समजून घ्या. पहिली बायको हयात असताना केलेलं दुसरं लग्न हिंदू विवाह कायद्याने रद्दच असतं, त्या बाईला नवऱ्याच्या मालमत्तेत बायको म्हणून वाटा येत नाही. पण तिच्या मुलांचा काय दोष? त्यांना बापाच्या वाट्यात हक्क आहे, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं, बापाचा वडिलोपार्जित मिळकतीत जो वाटा निघतो त्यातही ह्या मुलांना हिस्सा आहे. काकींनी त्या मुलाचं नाव वारसात सांगितलं होतं, हा निकाल यायच्या कितीतरी आधी. दीर भांडले त्यांच्याशी.

आणि नवरा हयात असतानाच नाव लावून घेता येतं, हे किती जणींना माहीत आहे? लक्ष्मीमुक्ती म्हणतात त्याला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने त्याची मोहीम चालवली होती, आणि पुढे सरकारनेही ती योजना घेतली. नवऱ्याच्या संमतीने तलाठ्याकडे अर्ज करायचा, सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. आमच्या गटात हे बोलणं निघाल्यावर चार जणींनी घरी विषय काढला. दोघींचे नवरे हो म्हणाले, एक म्हणाला बघू, आणि एकाने टीव्ही बघणं बंद करा असं सांगितलं.

मालिकेत उणं काय, तेही सांगायला पाहिजे. ओढून ताणून लांबवलीय. एकच प्रसंग दोन-तीन दिवस चालतो. शेवंताला दाखवताना कॅमेरा तिच्या चेहऱ्यापेक्षा इकडेतिकडेच जास्त फिरतो, ते आम्हाला अजिबात आवडलं नाही. आणि अण्णांचा दरारा इतका रंगवलाय की बघणाऱ्याला माणूस वाईट न वाटता भारी वाटायला लागतो. शिमग्यातल्या पोराला तसंच वाटलं असणार. मुद्दाम केलं की झालं, ते त्यांचं त्यांना माहीत. तरी घरातली भीती इतकी खरी दाखवणारी मालिका आम्ही तरी मराठीत दुसरी पाहिली नाही, आणि पुन्हा बघितल्याचं आम्हाला वाईट वाटलं नाही.

तिसरं पर्व मार्च २०२१ ला आलं, त्यात अण्णा आणि शेवंता भुतं होऊन परत येतात. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूणला महापूर आला. बाजारपेठ बुडाली, घरांत गाळ भरला, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणींचं तिसरं पर्व तिथेच राहिलं. आता ते बघायचं का, यावर गेल्या बुधवारी हात वर करून मत घेतलं. आठ जणी हो म्हणाल्या, चार नाही. काकी हो म्हणाल्या. त्यांना माईंचं पुढे काय होतं ते बघायचंय.