शस्त्रक्रियेनंतरची वर्षे

बंगळुरात या विषयावर बोलताना आधी एक गोंधळ दूर करावयास हवा. मे 2022 मध्ये याच शहरात चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका तरुण अभिनेत्रीचा मृत्यू झाला, आणि तेव्हापासून वजनाच्या कोणत्याही शस्त्रक्रियेचे नाव काढताच घरोघरी भय दाटते. ती शस्त्रक्रिया शरीराला आकार देण्याची होती. आपला विषय जठर व आतडे यांवरील शस्त्रक्रियेचा आहे. ती सौंदर्यासाठी करावयाची नव्हे.

मग कोणासाठी? किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता देहभारांक मिळतो. 1991 मध्ये अमेरिकेत ठरलेली मर्यादा 40 होती. मधुमेहासारखी गंभीर व्याधी जोडीला असल्यास 35. 2022 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी आशियाई लोकांसाठी ती 27.5 पर्यंत खाली आणली. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाचे हे वजन सुमारे 75 किलो भरते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणे मांडली. दोघांचाही देहभारांक 22.3, परंतु युडकिन यांच्या देहात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या देहात 21.2. वजनकाटा आपल्याला फसवतो तो असा. तथापि 75 किलोच्या प्रत्येकाने शल्यचिकित्सकाकडे धावावे, असे मला मुळीच वाटत नाही. आहार, व्यायाम व टोचून घ्यावयाची नवी औषधे यांचा विचार आधी व्हावा. जठराची नळी करताना त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून टाकतात. तो पुन्हा जोडता येत नाही.

स्वीडनमध्ये 1987 पासून चाललेल्या अभ्यासात, आतड्याला वळसा देणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांचे वजन एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्क्यांनी घटले. दहा वर्षांनी ही घट 25 टक्के उरली. म्हणजे शंभर किलोचा माणूस अडुसष्टावर येऊन पुढे पंचाहत्तरावर स्थिरावतो. याला अपयश म्हणता येत नाही. परंतु रुग्ण तसे मानतो, शरमतो आणि डॉक्टरांकडे जाणे थांबवतो. खरा धोका तेथे आहे. ब-12 जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांची पूर्तता आणि रक्ततपासणी जन्मभर चालू ठेवावी लागते. ब-12 कमी पडले की पाय बधिर होऊ लागतात; शाकाहाऱ्यांनी तर विशेष जपावे.

वजन परतण्याची वाट पुष्कळदा पेल्यातूनच असते. लहान जठरात दोन इडल्या मावत नाहीत, पण दिवसभरात साखरेची पाच फिल्टर कॉफी सहज उतरते. आणि पंगतीतला आग्रह! तो मोडण्याची तयारी घरच्यांनीही शस्त्रक्रियेपूर्वीच करावी. होकार देण्याआधी रुग्णालयात एवढे अवश्य विचारा : पाचव्या वर्षी मला कोण तपासणार, आणि त्याचा खर्च किती?